मुठीतला बर्फ

नणंदेने साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला, तसा केतकीने फ्रीजमधून बर्फाचा खडा काढून मुठीत धरला. समुपदेशक मॅडमनी शिकवलं होतं, राग उसळला की बर्फ धरायचा आणि तो वितळेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणारीला कोर्ट पोर देईल होय?" सासूबाईंनी सुरुवात केली. मागच्या महिन्यात याच वाक्यावर केतकीने ताट भिरकावलं होतं, आणि तो व्हिडिओ नवऱ्याच्या वकिलाकडे पोचला होता. आज दोघींना तसाच दुसरा हवा होता.

बर्फ हाडापर्यंत चावत होता. सासूबाई तिच्या आईवर घसरल्या, मग वारलेल्या वडिलांवर. केतकीने मूठ आणखी घट्ट आवळली.

"बोल की गं, भवाने." शेवटी सासूबाईंचाच तोल गेला आणि त्यांनी आमटीचं पातेलं तिच्या पायाशी आपटलं.

मुठीतून शेवटचा थेंब गळला. नणंद घाईघाईने व्हिडिओ डिलीट करू लागली.

"करा, वन्सं, खुशाल करा," म्हणत केतकीने लोणच्याच्या बरणीमागून आपला मोबाइल काढला. "यात सगळं आलंय. आमटीसुद्धा."