शिंगाच्या बाकातला ओरखडा

"पुन्हा! पुन्हा ओरखडा!"

चष्मेवाल्याचा आवाज चार घरं पलीकडे गेला. बाल्कनीतल्या टेबलावर बेस गिटारचं नुसतं धड पडलं होतं. मान वेगळी, तारा वेगळ्या. मोरपंखी रंग, त्यावर लॅकरचे चार हात. आणि मानेच्या बाजूला निघालेल्या वरच्या शिंगाच्या आतल्या बाकात, नेमका तिथेच, बोटभर लांब ओरखडा. संध्याकाळी पाचला गिटार न्यायला माणसं येणार होती.

"राणीसरकारांचं काम असणार," बायको आतून म्हणाली. ती शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे आरोप जरा बोबडा आला. राणीसरकार म्हणजे घरातली मांजर. ती फ्रिजवर झोपली होती. आपल्यावर खटला चाललाय, याचा तिला पत्ताही नव्हता.

"एक दिवस हिला पिशवीत घालून लांब सोडून येतो की नाही बघ!"

"आधी पिशवीत घालून तर दाखवा."

तो बडबडत पॉलिश पेपर भिजवायला गेला.

आठ महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा उजवा हात गेला. म्हणजे डॉक्टर म्हणाले, गेलेला नाही, रुसलाय, व्यायाम करा. रबरी चेंडू दिला, रोज शंभर वेळा दाबायला सांगितला. चष्मेवाल्याने तो दोनदा दाबला आणि तिसऱ्यांदा भिंतीवर मारला. चेंडू आता राणीसरकारांच्या मालकीचा होता. बावीस वर्षं दर रविवारी तो तीन मित्रांबरोबर एका गॅरेजच्या वरच्या खोलीत बेस वाजवत आला होता. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने तार ओढायची आणि खालच्या मेकॅनिकचे पाने थरथरायचे. आता शर्टाचं बटणही त्या बोटांचं ऐकत नव्हतं.

"गिटार देऊन टाकू कुणाला तरी," तो भिंतीवर टांगलेल्या गिटारकडे न बघता म्हणाला होता.

त्या दिवशी बायको आत जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली.

"द्या की. पण रंगाचे पोपडे निघालेत त्याच्या. असलं ध्यान कुणाच्या गळ्यात मारणार? आधी नीट रंगवा, मग द्या."

हे त्याला पटलं. आयुष्य चष्म्याच्या काचा घासण्यात गेलेला माणूस तो. डाव्या हाताने घासून बघितलं, तर रेघा आडव्या उमटल्या. आडवी रेघ त्याला जन्मात कधी खपली नव्हती. मग उजवाच हात लावावा लागला. सपाट भाग लाकडी ठोकळ्याने निभला, पण शिंगाच्या बाकात ठोकळा शिरत नाही. तिथे पॉलिश पेपर दोन बोटांना गुंडाळायचा आणि एकेक बोट आपल्याकडे ओढत घासायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद सतरा वेळा खाली पडला आणि सतरा वेळा त्याने मांजरीच्या खानदानाचा उद्धार केला. मांजरीने तेव्हा काहीच केलं नव्हतं.

पुढे मात्र हद्दच झाली. दर वेळी रंग वाळला की त्याच बाकात ओरखडा. घासा, रंग द्या, वाळवा, की पुन्हा ओरखडा. आजचा अकरावा.

तीन वाजता बाक आरशासारखा झाला. त्याने मान बसवली, तारा ओवल्या, खुंट्या पिळल्या. पाचच्या ठोक्याला ड्रमवाला मित्र आला. त्याला सगळे भूकंप म्हणत, पण आज तो अगदी हळू आत आला.

"नवा पोरगा खाली स्कूटरवर थांबलाय," तो चपलेकडे बघत म्हणाला. "आठ महिने जागा रिकामी ठेवली रे आम्ही. वाईट वाटतंय."

"वाटून घेऊ नकोस. थांब, सुरात लावून देतो. बेसूर वाजलं तर नाव माझं जाईल."

त्याने कोपऱ्यातल्या स्पीकरला वायर जोडून गिटार मांडीवर घेतली. डावा हात खुंटीवर. उजव्याने जाड तार ओढली. तार बोलली. पुन्हा ओढली, एकदा या बोटाने, एकदा त्या. खुंटी पिळून झाली तरी बोटं थांबेनात. एक, दोन, एक, दोन. डावा हात आपोआप खुंटीवरून मानेवर आला. कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. भूकंपाने स्टूल पुढे ओढलं आणि दोन्ही हातांनी टेबल बडवायला घेतलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर काठी आपटली. तीही ठेक्यातच आपटली. राणीसरकार फ्रिजवरून थेट माळ्यावर गेल्या.

थांबले तेव्हा दोघेही घामाने भिजले होते.

"त्या पोराला काय सांगू?" भूकंपाने विचारलं.

"सांग, म्हातारा फिरला. आणि रविवारी मला पाचला घ्यायला ये. उशीर करायचा नाही!"

भूकंप तीन-तीन पायऱ्या सोडत जिना उतरला.

बायको हातात कात्री घेऊन दारात उभी होती. शिवायला घेतलेल्या कुणाच्या तरी झग्याला तिने डोळे पुसून घेतले होते.

"बघा," ती कसंबसं म्हणाली, "बिचाऱ्या मांजरीला उगाच शिव्या घातल्यात."

"मांजर ओरखडते तेव्हा चार रेघा उठतात. ही दर वेळी एकच." त्याने तिच्या हातातली कात्री घेतली आणि टोकावरचा मोरपंखी कण नखाने काढून तिच्या तळहातावर ठेवला. "तिसऱ्या ओरखड्यालाच कळलं मला."

ती लालबुंद झाली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."