पितळी मूठ

वाचनालयाच्या दाराची मूठ धरली की कुणीतरी हात हातात घेतल्यासारखं वाटतं, असं लोक कौतुकाने सांगत. ते ऐकलं की इमारत बांधणाऱ्या म्हाताऱ्या वास्तुविशारदाचा चेहरा उतरे.

मुठीचा साचा त्याच्या सहा वर्षांच्या लेकीचा होता. तिने ओल्या मातीचा गोळा गच्च आवळला आणि तिच्या चार बोटांचे खळगे जसेच्या तसे पितळेत उतरले. मूठ ओतून आली तेव्हा ती पोर या जगात नव्हती. अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या मजल्यावर वाऱ्याने नकाशा उडाला, तो धरायला बापाने क्षणभर तिचा हात सोडला होता. बायकोला मात्र त्याने सांगितलं, "तिनेच हिसडा दिला गं."

दरवर्षी, ती पडली त्या तारखेला, तो इथे येऊन मूठ धरी. त्याची जाडजूड बोटं त्या इवल्या खळग्यांत कधीच मावली नव्हती.

आज मावली. अगदी मापाने.

इतक्या वर्षांत झिजलं असेल पितळ, त्याने मनाची समजूत घातली. पण सकाळच्या सावलीतलं पितळ गार असायला हवं होतं. हे कोमट होतं, किंचित ओलसर.

"साहेब, नकाशे उडाले तुमचे!" मागून पहारेकरी ओरडला.

काखेतली दुरुस्तीच्या नकाशांची गुंडाळी निसटून पायऱ्यांवर उलगडली होती. जन्माच्या सवयीने तो ती धरायला झेपावला.

मुठीने त्याचा हात सोडला नाही.