वहिनीचा पेपर

“मग सांगा, मधोमध कोण?” दिराने विचारलं.

वहिनीने टेबलावरच्या बाटलीकडे, थर्मासकडे, बरणीकडे, पेल्याकडे नि मिठाच्या डबीकडे आळीपाळीने पाहिलं.

“तुमचे दादा.”

“दादा कुठून आला मध्ये?”

“ते नेहमीच मध्ये येतात.”

बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारा तिचा नवरा मोठ्याने खाकरला.

“वहिनी, नीट ऐका. शेजारचे वकीलकाका सगळ्यांत उंच, ही बाटली. दादा थर्मास. मी दादापेक्षा बुटका पण आईपेक्षा उंच, ही बरणी. आई पेला. तुम्ही आईपेक्षाही बुटक्या, म्हणजे मीठ. आता लावा रांगेत.”

“मला पेला केलंस?” खुर्चीत बसून शेंगा सोलणारी सासू म्हणाली. “निदान थर्मास तरी करायचंस.”

“थर्मास दादा आहे, आई.”

“बरोबर आहे. तो सदा तापलेलाच.”

वहिनीने सगळं लावलं, नि बरणी नेमकी पेल्याच्या पलीकडे ठेवली. दीर चिडला नाही. त्याने रांग मोडली नि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. समजावताना त्याचे हात असे चालायचे, जणू पत्ते पिसतोय.

खरं तर या माणसाने नोकरीच्या परीक्षेचं नाव टाकलं होतं. कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर जगाचे परीक्षेचे फॉर्म भरून द्यायचा, स्वतःचा मात्र भरायचा नाही. दोनदा बसला होता. घरी सगळं यायचं, पण हॉलमध्ये पेपर पुढे आला की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. दुसऱ्या वेळी तर अर्ध्यातूनच उठून आला, पुस्तकांना सुतळी बांधली नि माळ्यावर टाकली. “पुन्हा कुणी विषय काढला तर मी घर सोडून जाईन,” म्हणाला. कुणी काढला नाही.

म्हणून वहिनी एक दिवस स्टुलावर चढून ती पुस्तकं खाली काढायला लागली, तेव्हा सगळे स्टुलाभोवती जमले.

“मी देते परीक्षा,” ती म्हणाली. “कारकुनाची जागा आहे. भाऊजी शिकवतील मला.”

“दे,” सासू म्हणाली. “पण एकदाच. नाही जमलं तर ही पुस्तकं रद्दीत. माझ्या माळ्यावर धूळ खायला नकोत.”

नवरा हसला. “ही पास झाली तर मी मिशी काढेन.”

“नका काढू. चेहऱ्यावर बघण्यासारखं दुसरं आहे काय?”

दीर आधी नाही म्हणाला. पण वहिनीने पहिल्याच गणितात असा काही गोंधळ घातला, की त्याला राहवेना. फक्त एका गोष्टीवरून तो रुसला होता. फॉर्म भरायला ती त्याच्याकडे न येता चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेली.

“घरचं दुकान असताना?”

“तुमच्या दुकानात भरला तर दुपारपर्यंत गल्लीभर होईल, भाऊजी. नापास झाले तर तोंड कुठे लपवू?”

हे त्याला पटलं. “फोटो तरी बरा लावलात ना?”

“झकास. चेहरा जरा घाबरलेला वाटतो, बाकी छान.”

मग रोज दुकान बंद झालं की स्वयंपाकघरात शिकवणी. कोण कुणापेक्षा जड, कोण कुणाच्या आधी आलं, कुणाचे मार्क कुणाहून जास्त.

“क पेक्षा अ जड. क पेक्षा ब सुद्धा जड. मग अ आणि ब यांत जड कोण?”

“ब.”

“कशावरून?”

“ब दिसतोच तसा.”

दीर पोट धरून हसला. “अहो, सांगता येत नाही, हेही एक उत्तर असतं!”

“मग हे आधी का नाही सांगितलंत? लग्नाआधी फार उपयोगी पडलं असतं.”

एकदा त्याने सात जणांचं लांबलचक कोडं घातलं. स्वतःच मध्ये थांबला, डोकं खाजवायला लागला. वहिनी त्याच्याकडे पाठ करून कांदा चिरत होती.

“पाचवा,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. आलं तोंडात. तुम्ही सांगा ना, मला कुठे कळतंय.”

त्याने सांगितलं. पाचवाच निघाला. तो इतका रंगात आला होता, की लगेच पुढचं कोडं काढलं.

परीक्षेच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो वहिनीला सोडायला गेला. शाळेच्या फाटकाबाहेर ही गर्दी. कुणी पाठ करतंय, कुणी रडकुंडीला आलंय. वहिनी आरामात झाडाखालच्या पारावर टेकली. येरझाऱ्या दीरच घालत होता.

“सोपे आधी सोडवा. एकाला चिकटून बसू नका.”

“बरं.”

“आणि हे बघा, घाबरायला झालं ना, तर समजायचं की शेजारी कुणीतरी बसलंय नि त्याला ओ की ठो कळत नाहीये. त्याला समजावून सांगायचं. डोकं कोरं पडत नाही मग.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात कशाला? तुम्हाला शिकवताना माझं मलाच कळलं. तुमच्यासमोर इतके महिने बसलो, एकदा तरी मुंग्या आल्या का डोळ्यांपुढे?”

“नाही आल्या.”

“मग! मलाच हे आधी सुचायला हवं होतं. असो. तुम्ही जा, बिनधास्त जा.”

घंटा झाली. गर्दी फाटकातून आत सरकायला लागली. वहिनी काही उठली नाही. तिने पिशवीतून पेन नि प्रवेशपत्र काढलं, त्याच्या हातात ठेवलं नि पदराने वारा घेत म्हणाली, “पळा आत, भाऊजी. फॉर्म तुमच्याच नावाचा आहे.”