नावाची पाटी

कुरवंड्याच्या वाटेवर शेठच्या नव्या बंगल्याचं काम शेवटाला आलं होतं. अंगणात गफूरची चुना दळायची घाणी फिरत होती. बैल मेल्यावर त्याने बाजारातून एक लंगडा घोडा स्वस्तात आणून घाणीला जुंपला होता. घोड्याच्या डोळ्यांवर झापड होती. त्याचं नाव विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि गफूरनेही विचारलं नव्हतं.

मुंबईहून शेठ आले ते दगडी पाटी घेऊनच.

"ही दारावर बसव," ते नथू गवंड्याला म्हणाले. "माझ्या घोड्याचं नाव कोरलंय. त्याने पुण्याच्या शर्यती मारल्या, म्हणून हा बंगला उभा राहिला."

"आता कुटं असतो त्यो?" नथूने विचारलं.

"पाय दुखावला, तेव्हा एका भल्या माणसाला देऊन टाकला. खात असेल कुठेतरी सुखाने गवत." शेठनी पाटीवरून हात फिरवला आणि ते प्रेमाने म्हणाले, "दिलशाद."

घाणी थांबली. घोड्याने मान वर केली, झापड बांधलेलं तोंड आवाजाकडे वळवलं आणि तो हलकेच खिंकाळला.

"आता काय झालं याला?" शेठ वैतागले. "हाण की त्याला. पाटी आजच बसली पाहिजे."

गफूरने घोड्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. हातातला चाबूक खाली ठेवून तो घोड्याचे पट्टे सोडू लागला.

"पाटीपुरता चुना दळून झालाय त्याचा, शेठ."