हरिबांची हाळी

पुण्यात डाक्टरांनी आमच्या मालकांच्या, हरिबांच्या, काळजातला खराब व्हॉल्व काढला आन् एका मेलेल्या माणसाचा, जपून ठेवलेला, बसवला. कुणाचा, ते सांगत न्हाईत. आमी बी इचारलं न्हाई.

चार महिन्यांनी मालक हिर्डोशीच्या माळावर शेरडांमागं आले. हिकडं दर घराची हाळी निराळी. शेरडं आपल्या धन्याचीच हाळी ओळखत्यात. दुसऱ्यानं घसा फोडला तरी मान वर करत न्हाईत. आमच्यात शेरडाला नाव मात्र देत न्हाईत. एक दिस विकायचंच असतंय त्येला.

दिस कलताना त्यांनी हाळी दिली. आवाज मला तरी तोच वाटला. शेरडं चरतच राहिली.

"दम कमी पडतोय अजून," म्या म्हणलं. "पुन्हा द्या."

त्यांनी पुन्हा दिली. आमचं एक बी शेरडू हललं न्हाई. कुत्रं समोरच्या डोंगराकडं बघून गुरगुरायला लागलं.

त्या डोंगरावर कुणी चारत न्हाई. तिथनं वीसएक शेरडं पळत खाली येत होती, नीट आमच्याकडं.

"अवो, कुणाची ही?"

मालक पुढं झाले आन् एकेकीला नावानं हाक मारू लागले.