सगळ्यात हळू चालणारी

आमचा थोरला लेक डोंगर चढणाऱ्या क्लबाचा म्होरक्या. दर रविवारी निघण्याआधी सगळ्यांना बजावतो, "जो सगळ्यात हळू चालेल, त्याच्या शेजारून मी चालणार. कुणी घाई करायची नाही." क्लबातल्या बायका मला म्हणतात, "काय गुणी लेक आहे हो तुमचा!"

मला दवाखान्यात नेताना हेच गुणी बाळ रस्त्याच्या पार टोकाला पोचतं आणि तिथून ओरडतं, "आई, उचल की पाय!"

काल मी त्याच्या क्लबात नाव घातलं. त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, तुझे गुडघे बघ! तुला डोंगर कसा झेपायचा?"



म्हटलं, "डोंगर गेला खड्ड्यात. रविवारी तू माझ्या शेजारून चालायचं, एवढं ध्यानात ठेव."