अप्पांची दाढी

"दाढीला हात लावायचा नाही," दादाने सिस्टरला बजावलं.

फ्लू छातीत उतरला होता. श्वासाला आधार देणारं बायपॅप मशीन जोरात हवा सोडत होतं, पण दाट दाढीमुळे अप्पांच्या तोंडावर मास्क घट्ट बसत नव्हता आणि निम्मी हवा कडेनेच निसटत होती. असंच चाललं तर घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते.

वृषाली दारात उभी राहून ऐकत होती. तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा अप्पांनी गावासमोर शपथ घेतली होती: पोरगी नवऱ्याला सोडून घरी येईपर्यंत दाढी करणार नाही.

"त्यांचा शब्द आहे तो," दादा तिला म्हणाला.

"तो शब्द माझ्या संसारावर उठला होता. आता त्यांच्या जिवावर उठू देऊ?"

सिस्टरने मास्क काढून नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. वृषालीने तिच्याकडून रेझर घेतला. मग तिने ग्लानीतल्या अप्पांची दाढी उतरवली.

मास्क चपखल बसला. हळूहळू श्वास संथ झाला आणि अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी गाल चाचपला, समोर लेकीला पाहिलं आणि झटक्याने तोंड फिरवलं. मास्क सरकला, हवा पुन्हा फुसफुसू लागली.

वृषालीने हनुवटी धरून त्यांचं तोंड सरळ केलं, पट्टे आवळले.

"बरे झालात की फिरवा तोंड," ती म्हणाली. "तोवर माझ्याकडेच बघावं लागेल."